कंपासपेटीतलं सर्व्हायव्हल किट

रील्समध्ये दिसणारा घडीचा चाकू आणि आग पेटवायची कांडी जंगलात कामाला येईल. पण लोकल बंद पडली, फोन बंद पडला आणि घर पन्नास किलोमीटरवर राहिलं, तर काय लागेल? शहरात रोज फिरणाऱ्यांसाठी छोट्याशा, खरोखर सोबत नेता येईल अशा किटविषयी...

इन्स्टाग्रामवर 'ईडीसी' असं सर्च करून बघा. ईडीसी म्हणजे 'एव्हरीडे कॅरी', रोज सोबत बाळगायच्या वस्तू. काळ्या टेबलावर एका रांगेत मांडलेला घडीचा चाकू, पॅराकॉर्डचं ब्रेसलेट, ठिणगी पाडणारी कांडी, मासे पकडायचा गळ, छोटंसं होकायंत्र. मागे एकदम दमदार म्युझिक. बघायला भारीच वाटतं. पण संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर उभं राहून तोच व्हिडीओ आठवला, की प्रश्न पडतो. इथे मासे कुठे पकडायचे? आणि प्लॅटफॉर्मवर ठिणगी पाडली, तर आरपीएफवाले लाइक देतील की थेट चौकीत नेतील?

खरं तर आपल्याकडे ईडीसी हा शब्द यायच्या कितीतरी आधी ती वस्तू होती. आईची पर्स! आवळा सुपारी, सुई-दोरा, डोकेदुखीची गोळी, एका चोरकप्प्यात घडी घालून ठेवलेली शंभराची नोट. आणि पर्स विसरली तरी बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिना असतातच. लेडीज डब्यात कुणाची चप्पल तुटली, कुणाच्या ड्रेसची चेन अडकली, की चार हात एकदम पुढे येतात. सर्व्हायव्हल किटची यापेक्षा चांगली व्याख्या मला तरी सापडलेली नाही. आपल्या पिढीनं मात्र ही सगळी पर्स एका वस्तूत कोंबलीय. फोनमध्ये. पैसे फोनमध्ये, पास फोनमध्ये, टॉर्च फोनमध्ये, घरचे नंबर फोनमध्ये, घरी जायचा रस्तासुद्धा फोनमध्ये. म्हणजे बॅटरी शून्यावर आली, की आपणही शून्यावर.

शहरात आपण हरवत नाही, अडकतो

जंगलातल्या किटमागचा विचार असतो, की माणूस हरवलाय आणि त्याला काही दिवस काढायचेत. शहरातलं संकट वेगळं. इथे आजूबाजूला हजार माणसं असतात, समोर दुकानं असतात, आपण कुठे आहोत हेही माहीत असतं. फक्त तिथून हलता येत नाही. सहा तास, बारा तास, फार तर एक रात्र.

आमच्यापैकी बऱ्याच जणांसाठी २६ जुलै २००५ ही ऐकलेली गोष्ट आहे. तेव्हा आम्ही दुपट्यातून नुकतेच बाहेर आलो होतो. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळी कुलाब्यात जेमतेम पंच्याहत्तर मिलिमीटरच्या आत. म्हणजे दक्षिण मुंबईतल्या ऑफिसमधून लोक नेहमीचाच पाऊस समजून घरी निघाले आणि अर्ध्या वाटेत गळ्याएवढ्या पाण्यात सापडले. लोकल ठप्प, बस ठप्प. हजारो लोकांनी ती रात्र ऑफिसात, बसमध्ये, स्टेशनवर नाही तर अनोळखी माणसांच्या घरात काढली. मुंबईत चारशेहून जास्त माणसं गेली.

त्यानंतरची यादीही लहान नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी कित्येक तास गाडीत होते, त्यात गरोदर महिलाही होत्या. बोटी आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत जे हातात होतं, त्यावरच भागवायचं होतं. १२ ऑक्टोबर २०२० ला पाऊस नव्हता, काही नव्हतं. सकाळी दहाच्या सुमाराला ग्रिडमध्ये बिघाड झाला आणि मुंबई महानगरातली वीजच गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, लिफ्ट मजल्यांच्या मध्ये थांबल्या. १९ ऑगस्ट २०२५ च्या संध्याकाळी चेंबूरजवळ मोनोरेल उंचावर बंद पडली. पाचशेहून जास्त प्रवासी आत, एसी बंद, दरवाजे बंद. अग्निशमन दलानं शिड्या लावून एकेकाला खाली उतरवलं.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. मदत येते. उशिरा का होईना, पण येते. प्रश्न असतो तो मदत येईपर्यंतच्या काही तासांचा. शहरातलं किट या काही तासांसाठी असतं.

आधी तीन प्रश्न, मग खरेदी

ऑनलाइन तयार किट मिळतात. पण ती कुणाच्या तरी डोक्यातल्या संकटासाठी बनवलेली असतात. तुमचं किट तुमच्या रोजच्या रस्त्यावरून ठरायला हवं. त्यासाठी कागदावर तीन प्रश्न लिहा.

पहिला, घर किती लांब आहे? बदलापूरहून सीएसएमटीला येणारा आणि माटुंग्याच्या हॉस्टेलमधून व्हीजेटीआयला चालत जाणारा, दोघांची गरज सारखी असूच शकत नाही. जो दोन तासांत चालत घरी पोचू शकतो, त्याला धड चप्पल आणि पाणी पुरतं. ज्याला चालत पोचताच येणार नाही, त्यानं रात्र कुठे काढायची हे आधी ठरवायला हवं. वाटेवरच्या दोन मित्रमैत्रिणींची किंवा नातेवाइकांची घरं ठरवून ठेवा आणि त्यांना तसं सांगूनही ठेवा. ही किटमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे आणि तिचं वजन शून्य ग्रॅम आहे.

दुसरा, वाटेत काय बंद पडू शकतं? ट्रेन, खाडीपूल, सबवे, घाट? पुण्यात दुचाकीवर फिरणाऱ्यांनी ओढे-नाले लक्षात घ्यावेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरानं शहराच्या मधोमध माणसं आणि गाड्या वाहून नेल्या. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात रस्त्यात गाडी बंद पडणं हे पुरापेक्षा कमी नाही. तिथल्या किटमध्ये रेनकोटपेक्षा दुपट्टा आणि ओआरएस आधी जाईल.

तिसरा, माझ्या शरीराला काय लागतं? दमा, डायबिटिस, फिट्स, मायग्रेन, पाळी, चष्म्याचा मोठा नंबर. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही रीलमध्ये मिळणार नाही. ते फक्त तुम्हालाच माहीत आहे.

कंपासपेटीचा नियम

किट बनवणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हौस. पहिल्या आठवड्यात पाऊच फुगतं, दुसऱ्या आठवड्यात खांदा दुखतो आणि तिसऱ्या आठवड्यात ते कपाटात जाऊन बसतं. कपाटातलं किट लोकलमध्ये कामाला येत नाही. त्यामुळे माझा नियम साधा आहे. शाळेतली कंपासपेटी आठवते? तेवढ्याच आकारात सगळं बसलं पाहिजे. नाही बसलं तर काहीतरी बाहेर काढायचं. पेटीच वापरायला हवी असं नाही, ती पावसात गंजते. त्याच मापाचं चेनचं पाऊच घ्या आणि आतल्या वस्तू झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा. पेटीबाहेर फक्त तीन वस्तू: पाण्याची बाटली, छत्री आणि पॉवर बँक.

आता आत काय घालायचं ते एकेक बघू.

*कागद.* हो, कागद. आमच्या ग्रुपमध्ये एक प्रयोग केला. फोन न बघता आई-बाबांचे नंबर सांगा. आईचा नंबर बऱ्याच जणांना अर्धाच आठवला, बाबांचा त्याहून कमी, आणि पीजीच्या काकूंचा तर कुणालाच नाही. त्यामुळे पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा जाड कागद घ्या. त्यावर चार नंबर, रक्तगट, कसली अ‍ॅलर्जी असेल तर ती आणि चालू औषधांची नावं लिहा. बॉलपेननं लिहा, जेल पेनची शाई पाण्यात पसरते. वरून सेलोटेप मारली, की झालं घरगुती लॅमिनेशन. सोबत आधार कार्डाची छोटी झेरॉक्स.

*रोख पैसे.* पाचशेची एक नोट उपयोगाची नाही. पाणी साचलेल्या रस्त्यावर रिक्षावाला सुटे देणार नाही आणि टपरीवालाही नाही. शंभराच्या दोन, पन्नासची एक, बाकी वीस आणि दहाच्या नोटा, असे साधारण चारशे रुपये. नेटवर्क गेलं, की क्यूआर कोड म्हणजे नुसतं काळं-पांढरं चित्र. हे पैसे रोजच्या पाकिटात ठेवू नका, नाही तर वडापाववरच संपतील.

*उजेड.* फोनच्या टॉर्चनं बॅटरी जाते आणि फोन हातात धरावा लागतो. एका एए किंवा एएए सेलवर चालणारी बोटाएवढी टॉर्च घ्या. सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. सेल उलटा घालून ठेवला, तर बॅगेत बटण दाबलं जाऊन तो उतरत नाही. लागेल तेव्हा सरळ करायचा.

*शिट्टी.* यादीतली ही सगळ्यात स्वस्त वस्तू. अडकलेला माणूस ओरडून थोड्याच वेळात दमतो, शिट्टीला तेवढा दम लागत नाही. बंद लिफ्टमधून, अंधाऱ्या जिन्यातून, पाण्याच्या आवाजातही ती ऐकू जाते. तीन शिट्ट्या, थोडं थांबून पुन्हा तीन, हा मदतीचा इशारा समजला जातो. प्लॅस्टिकची घ्या आणि पाऊचच्या बाहेर चेनला अडकवा.

*खाणं.* चॉकलेट उन्हाळ्यात वितळतं, बिस्किटांचा भुगा होतो. शेंगदाण्याची किंवा राजगिऱ्याची चिक्की टिकते, पोट धरते आणि वाटून खाता येते. सोबत दोन-चार लिमलेटच्या गोळ्या.

*ओआरएस.* पावडरचं छोटं पाकीट, शक्यतो २०० मिलिलिटर पाण्यात मिसळायचं. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्यायचं, अंदाजपंचे नाही. मेडिकलमध्ये फळांच्या चवीची गोड पेयं बरीच दिसतात, पण ती म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं मनाई केली. त्यामुळे पाकीट घेताना त्यावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला असल्याचं लिहिलंय का ते बघा.

*जखमेसाठी.* चार-पाच चिकटपट्ट्या, एक गॉझचा तुकडा, छोटी मेडिकल टेप आणि अँटिसेप्टिकची लहान ट्यूब. पावसाळ्यात पायाला जखम असेल, तर पाण्यात उतरण्याआधी ती झाकणं गरजेचं आहे. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्याला आत शिरायला छोटा ओरखडाही पुरतो. साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर पाय साबणानं धुवा आणि २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना किंवा महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा. प्रतिबंधक गोळी घ्यायची का, हे ते ठरवतील. ती गोळी किटमध्ये आधीच भरून ठेवायची नाही.

*स्वतःची औषधं.* रोजच्या गोळ्या किमान दोन दिवस पुरतील इतक्या. स्ट्रिप कापताना नाव आणि एक्स्पायरी डेट असलेला भाग राहू द्या. सुट्ट्या गोळ्यांची पुडी करू नका. चार दिवसांनी पांढरी गोळी कशाची, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. इनहेलर वापरणाऱ्यांनी तो 'आज बरं वाटतंय' म्हणून घरी ठेवू नये. डायबिटिस असलेल्यांनी साखर किंवा ग्लुकोज हाताशी ठेवावं. इन्सुलिन बॅगेत उन्हात तापत ठेवू नये.

*पॅड, टिश्यू, कागदी साबण.* पाळी येत नसली तरी एक-दोन पॅड ठेवा, शेजारचीला लागू शकतं. मुलांनीही ठेवायला हरकत नाही. मैत्रीण आहे, बहीण आहे, आणि रक्त वाहणाऱ्या जखमेवर दाबून धरायला स्वच्छ पॅड चांगलं कामाला येतं.

*मोठी कचऱ्याची पिशवी.* काळी, जाड, घडी करून रुमालाएवढी होणारी. तिला डोकं आणि हात बाहेर काढायला तीन भोकं पाडली, की रेनकोट. लॅपटॉपची बॅग आत टाकली, की वॉटरप्रूफ कव्हर. ओल्या बाकड्यावर अंथरली, की बसायला जागा. मात्र ती लहान मुलांच्या हातात देऊ नका.

शेवटी दोन रबरबँड, तीन सेफ्टी पिना, एक बॉलपेन. संपलं.

पेटीबाहेरच्या तीन वस्तू

पाण्याची बाटली. यात एक अवघड गोष्ट आहे, ती बोलायलाच हवी. आमच्यातल्या कितीतरी मुली बाटली सोबत नेतात, पण पाणी पीत नाहीत. कारण पाणी प्यायलं, की टॉयलेट शोधावं लागतं आणि ते सापडलं तर वापरण्यासारखं नसतं. 'राइट टू पी' ही मोहीम मुंबईतल्या महिला संघटनांनी २०११ मध्ये सुरू केली, त्यानंतर आमची पिढी शाळा संपवून कॉलेजात आली आणि कॉलेज संपवून नोकरीला लागली. सवय तीच. दिवसभर तहान मारणाऱ्या मुलीसाठी ट्रेनमध्ये अडकलेले चार तास जास्त धोक्याचे असतात. उभ्यानं वापरता येणारं कागदी फनेल मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळतं, घडी करून पाऊचमध्ये बसतं. ते ठेवा. पण आपल्या रोजच्या वाटेवरची धड टॉयलेट्स कुठे आहेत याची यादी मैत्रिणींच्या ग्रुपवर करून ठेवणं त्याहून उपयोगाचं आहे. स्टेशन, मॉल, हॉस्पिटल, लायब्ररी, ओळखीचं ऑफिस. आणि पाणी प्या.

पॉवर बँक. त्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं, तरी फोनपर्यंत प्रत्यक्षात साधारण साठ-पासष्ट टक्केच पोचतं. बाकी व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत जातं. म्हणजे आजच्या फोनसाठी एक पूर्ण चार्ज आणि वर थोडं. एवढं पुरे. २०,००० ची वीट रोज कुणीही उचलणार नाही. केबल वीतभर लांबीची. पॉवर बँक फुगलेली किंवा उगाच तापणारी वाटली, तर वापर लगेच बंद करा. ती साध्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

छत्री. फॅशनेबल तीन घडीची ठीक आहे. पण साचलेल्या पाण्यातून चालायची वेळ आली, तर आजोबांची लांब दांड्याची छत्री जास्त कामाची. ती बंद करून पुढे टेकवत गेलं, की खड्डा कुठे आहे ते कळतं. पाण्यात विजेच्या खांबाला, रस्त्याकडेच्या विजेच्या पेट्यांना हात लावायचा नाही. एकट्यानं पुढे जायचं नाही.

काय ठेवायचं नाही

चाकू नको. मेट्रोच्या, मॉलच्या तपासणीत अडकाल आणि ज्या कामासाठी तो ठेवलाय, ते काम कधी येणारच नाही. लायटर, माचिस नको. दुसऱ्याला द्यायच्या गोळ्या नकोत. अनोळखी माणसाला पाणी द्या, साखर द्या, हवा येऊ द्या. पण आपली गोळी देऊ नका. त्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे, हे आपल्याला माहीत नसतं.

आणि वस्तूंपेक्षाही ज्या समजुती सोबत ठेवायच्या नाहीत, त्या वेगळ्याच. डब्यात कुणाला फिट आली, की आजही कुणीतरी चप्पल हुंगवायला पुढे होतं, कुणी तोंडात चमचा घालायला बघतं. दोन्ही चूक. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली ओढणी किंवा बॅग सरकवा, झटके थांबले की कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ चाललं, तर तातडीची वैद्यकीय मदत हवी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. एवढं पाठ असलं, तरी अर्धं किट डोक्यात आहे असं समजा.

जे पेटीत मावत नाही

किट बनवताना आपण खूप तयार आहोत असं वाटायला लागतं. इथे जरा थांबायला हवं.

२९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात बॉम्बे हॉस्पिटलचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर गाडी सोडून घराकडे चालत निघाले होते. हातात छत्री होती. प्रभादेवीजवळ पाण्याखालचं मॅनहोल उघडं होतं. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. त्यानंतर महिन्याभरानं, २९ सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. यातल्या कुणाच्या बॅगेत शिट्टी आणि चिक्की असती, तर काय फरक पडला असता?

काहीच नाही. मॅनहोलला झाकण आणि जाळी हवी, पूल रुंद हवा, गाड्या जास्त हव्यात. या गोष्टी कंपासपेटीत मावत नाहीत आणि त्या आपण सोबत न्यायच्याही नाहीत. 'मुंबई स्पिरिट'चं कौतुक ऐकताना हे विसरायला होतं. 'तुम्ही तयार राहा' असं जेव्हा आपल्याला सांगितलं जातं, तेव्हा 'आणि तुम्ही?' असं विचारायची सवयही किटमध्येच असायला हवी. उघडं मॅनहोल दिसलं तर रील बनवून पुढे न जाता महापालिकेला कळवणं, त्याचा तक्रार क्रमांक घेणं, आठवड्यानं पुन्हा विचारणं, हे कंटाळवाणं काम आहे. पण शिट्टीइतकंच गरजेचं आहे.

मग किटचा उपयोग काय? उपयोग एवढाच, की गर्दीत आपण मदत मागणाऱ्यांच्या बाजूला न राहता देणाऱ्यांच्या बाजूला जाऊ शकतो. २००५ च्या त्या रात्री अनोळखी लोकांनी बिस्किटं वाटली, चहा दिला, घरं उघडली, साखळी करून माणसांना पाण्यातून काढलं. घरातली मोठी माणसं २६ जुलैची गोष्ट सांगतात, तेव्हा पावसाच्या आकड्यावर फार थांबत नाहीत. कुणी आपल्याला हात दिला, हेच ती सांगतात. ज्याच्या फोनमध्ये चार्ज आहे, तो दुसऱ्याच्या आईला एक फोन लावून देऊ शकतो. ज्याच्याकडे ओआरएस आहे, तो घामानं निथळणाऱ्या काकांना ग्लासभर पाणी देऊ शकतो. डब्यातल्या दहा जणांकडे अशी एकेक कंपासपेटी असली, तर तो डबा बराच वेळ शांतपणे तग धरू शकतो.

या रविवारी एवढं करा

घरातली जुनी कंपासपेटी शोधा. यादीतल्या निम्म्याहून जास्त वस्तू घरातच सापडतील. पॉवर बँक सोडली, तर माझी नवीन खरेदी पाचशे रुपयांच्या आत झाली. टॉर्च, शिट्टी आणि पाऊच क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास घासाघीस करून स्वस्तात मिळतं, गावात स्टेशनरी आणि मेडिकलच्या दुकानात सगळं मिळतं. वर्षातून दोनदा पेटी रिकामी करा: एकदा पावसाळ्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि एकदा दिवाळीनंतर. चिक्की खाऊन टाका, नवीन ठेवा. गोळ्यांच्या तारखा बघा. टॉर्च लावून बघा. नोटा तशाच आहेत का तेही बघा, कारण कॉलेजच्या महिनाअखेरीला त्या सगळ्यात आधी गायब होतात.

आणि एकदा, फक्त एकदा, फोन बंद करून कॉलेजातून घरी येऊन बघा. कुठे अडलं, कुणाला विचारावं लागलं, खिशात काय कमी पडलं, ते लिहून काढा. तुमच्या किटची खरी यादी तीच असेल.

कागदावर लिहून ठेवा

११२: पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळ्यासाठी एकच आपत्कालीन क्रमांक
१०८: रुग्णवाहिका
१०१: अग्निशमन दल
१९१६: मुंबई महापालिकेचा आपत्कालीन नियंत्रण कक्ष (पाणी साचणं, झाड पडणं, उघडं मॅनहोल)
१३९: रेल्वे हेल्पलाइन
१५१२: रेल्वे पोलीस
१०३: मुंबई पोलिसांची महिला हेल्पलाइन
१८१: महिला हेल्पलाइन

या यादीखाली आईचा नंबर. पूर्ण, दहाच्या दहा आकडे.